मोतिया पैठणीची घडी

“आता हिला एस्त्रेनार कोण करणार, ते विचारा ना त्यांना,” पिलारबाई मला म्हणाल्या.

येवल्यात मुकुंदराव दिवट्यांच्या घरी, मागाशेजारी अंथरलेल्या चादरीवर ती पैठणी घडी घालून ठेवली होती. मोतिया रंग, डाळिंबी काठ, पदरावर मोर. सकाळीच मागावरून उतरवली होती. मुकुंदराव हात मागे बांधून उभे होते, लेकीला पाहायला पाहुणे आल्यावर बाप उभा राहतो तसे. त्यांची बायको इंदूकाकू जमिनीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कारण पिलारबाई काय बोलल्या ते माझ्याच तोंडून बाहेर पडणार होतं.

एस्त्रेनार हे स्पॅनिशमधलं रोजच्या वापरातलं क्रियापद. एखादी वस्तू पहिल्यांदा वापरली की ते लागतं. नवे बूट पायांत घातले की एस्त्रेनार, नव्या घरात राहायला गेलं की एस्त्रेनार, नाटकाचा पहिला प्रयोग झाला की तेही एस्त्रेनार. पुण्यात मी स्पॅनिश शिकवायचे. या शब्दापाशी आले की फळ्यावर ‘पहिल्यांदा वापरणे’ असं लिहून पुढे सरकायचे. मुलं म्हणायची, मॅडम, हे अगदीच सपक वाटतंय. वाटणारच. मराठीत त्याला चांगला खमंग शब्दप्रयोग आहे आणि मी तो जाणूनबुजून टाळत होते. इथे मात्र पळायला जागा नव्हती.

“घडी कोण मोडणार, असं विचारतायत त्या,” मी म्हणाले.

काकूंचा चेहरा एकदम खुलला. त्यांना वाटलं नव्हतं की इतक्या लांबच्या बाईला हे ठाऊक असेल. आपल्याकडे नवी साडी जिची, तिनेच ती आधी नेसावी असं काही नसतं. बहीण असते, जाऊ असते, एखादी जिवाची मैत्रीण असते. तिच्या हातात साडी देऊन म्हणायचं, घे, तू घडी मोड. ती नेसते, मिरवते आणि परत करते. मग ती साडी लाभते म्हणतात. तेवढाच एक मान असतो, आणि बायका तो जन्मभर लक्षात ठेवतात.

माझी नणंद पूर्वी प्रत्येक साडी घेऊन माझ्याकडे यायची. वहिनी, तुझ्या हाताला यश आहे, म्हणायची. माझा नवरा, श्रीपाद, गेला आणि ते बंद झालं. कोणी काही बोललं नाही. मला कोणी नाहीही म्हटलं नाही. फक्त त्यानंतर कोणी साडी आणली नाही. दोन दिवाळ्या गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं, आणि आल्यावर इतकं झोंबलं की मी नवीन साडी घेणंच सोडलं. श्रीपादने जाण्याआधी बनारसहून आणलेली एक जांभळी साडी होती. तो म्हणाला होता, पाडव्याला नेस. पाडवा यायच्या आधीच तो गेला, हृदय बंद पडून, ऑफिसच्या जिन्यात. ती साडी नऊ वर्षं कपाटात तशीच होती, दुकानदाराने घातलेल्या घडीत.

पण हे सगळं येवल्यात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आम्ही घरात शिरलो तेव्हा काकू हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच पुढे आल्या. आधी पिलारबाईंना लावलं, मग माझ्याकडे वळल्या. माझ्या कपाळावर बारीक टिकली होती आणि दोन्ही खांद्यांवरून पदर होता. त्यांनी मला सवाष्ण गृहीत धरलं. मी मागे सरकायला हवं होतं, नऊ वर्षांची सवय होती, पण नाही सरकले. परक्या गावात, परक्या घरात एका बाईने न विचारता बोट कपाळाला टेकवलं आणि मला ते इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. थोडं कुंकू माझ्या नाकावर सांडलं. काकू हसून म्हणाल्या, “मालकांचा फार जीव दिसतोय तुमच्यावर.” मीही हसले.

पिलारबाई स्पेनमधल्या सारागोसा शहरात लॅटिन शिकवत असत. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांची मुलगी नुरिया पुण्यात दोन वर्षं नोकरीला होती आणि इथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. दसऱ्याच्या सुमारास ती येवल्याला येऊन स्वतः रंग निवडून गेली होती. आईचं म्हणणं एवढंच होतं की साडी तयार होत आल्याचा निरोप आलाय, ती ताब्यात घ्यायची आहे, सोबत भाषा येणारं कोणी हवं. माझं नाव त्यांना कुठून कळलं ते मी विचारलं नाही. असली कामं मला अधूनमधून मिळायची.

पुण्याहून येताना गाडीत त्या फार बोलल्या नव्हत्या. करड्या रंगाचा झगा, पायात सपाट बूट, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. प्रवासाने दमल्या असतील असं मला वाटलं. फक्त शब्दांचा विषय निघाला तेव्हा त्यांच्या आवाजात जीव आला. मास्तरकी मुरलेली होती अंगात. एस्त्रेनार कुठून आला माहिती आहे का, असं त्यांनीच विचारलं. लॅटिनमध्ये स्त्रेना म्हणजे शकुनाची भेट, त्या म्हणाल्या. जुन्या रोममध्ये वर्षाच्या पहिल्या दिवशी लोक एका देवीच्या राईतली हिरवी डहाळी तोडून आणायचे आणि एकमेकांच्या हातात द्यायचे. येणारं वर्ष चांगलं जावो म्हणून. डहाळ्यांची पुढे अंजिरं झाली, मध झाला, नाणी झाली. शकुन हळूहळू विरून गेला आणि नुसतं नवं वापरणं उरलं. पण अगदीच विरला नाही, असंही त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार असतो. त्या दिवशी अंगावर काहीतरी नवं हवंच, अगदी गरिबालाही, निदान पायमोजे तरी. नुरिया लहानपणी आदल्या रात्री नवे बूट उशाशी घेऊन झोपायची.

“आमच्याकडे पाडवा असतो,” मी म्हणाले.

“मग तुम्हाला समजेल,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

आता काकू म्हणत होत्या की घडी मोडायला आमची सूनच आहे की. दीपाली. वर्षभरापूर्वी लग्न झालंय, पाचवा महिना आहे, याहून चांगला शकुन कुठला. दीपाली दारातच उभी होती. बारीक अंगाची, वीस-बावीस वर्षांची पोर. तिने लगेच हात पुसले. या घरात सासू-सासरे दोघं पैठण्या विणत होते, तीही रेशमाच्या कांड्या भरून द्यायची, पण पैठणी अंगाला लागली होती ती फक्त घड्या घालण्यापुरती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखता आलं, कारण एकेकाळी ते माझ्याही डोळ्यांत असायचं.

ती हातपाय धुवायला आत गेली. काकूंनी मला विचारलं, “लग्न कधीचं धरलंय पोरीचं? आणि ती का नाही आली? मी तिच्यासाठी चिवडा करून ठेवलाय. मागच्या वेळी मूठ मूठ खाल्ला होता.”

मी ते जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं, चिवड्यासकट.

पिलारबाई चादरीवरच्या साडीकडे बघत होत्या. त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. वर्गात धडा वाचून दाखवावा तशा म्हणाल्या, “लग्न नाही. नुरिया फेब्रुवारीत गेली. ताप आला आणि पाच दिवसांत गेली. हे त्यांना सांगू नका. मे महिन्यात लग्न आहे, असं सांगा.”

मग मागामागे टांगलेल्या रेशमाच्या लडी दिसल्या, मुकुंदरावांचा उत्सुक चेहरा दिसला, आणि माझं तोंड आपोआप म्हणालं, “मे महिन्यात आहे. तिला रजा नाही मिळाली.”

“उन्हाचं होईल मग,” काकू म्हणाल्या. “पण रेशीम बाधत नाही उन्हाळ्यात.”

मी पिलारबाईंच्या जवळ सरकले आणि हळू आवाजात विचारलं, मग तुम्ही कशाला आलात? विचारण्याची ही काही रीत नव्हती, पण मला दुसरं सुचलं नाही.

त्यांनी सांगितलं की नुरियाशी लग्न ठरलेला तो मुलगा साडीचं नावही काढू देत नव्हता. राहू दे तिकडेच, म्हणाला. पण नुरियाने फोनवर या साडीबद्दल इतकं सांगितलं होतं, मोर कसा, काठ कसा, की ती तिथे घडीत पडून राहील हे त्यांना सहन होईना. “कोणीतरी एकदा नेसावी आणि मी बघावी. मग मी घेऊन जाईन. त्यांना सांगितलं तर ते मला साडी देतील आणि माझ्याकडे बघायचं बंद करतील. घरी सगळे तसंच करतात.”

हे मला समजावून सांगायची काही गरज नव्हती.

आत पाण्याचा आवाज येत होता. दीपाली यायला आता फार वेळ नव्हता. मी शिकलेली बाई, दोन भाषा येणारी, शकुन-अपशकुन मानत नाही असं चारचौघांत सांगणारी. पण ती पोटुशी पोर हसत हसत एका मेलेल्या नवरीची साडी नेसणार, तिची सासू तिची दृष्ट काढणार, आणि पुढे काही बरंवाईट झालं, आणि हे त्यांना कुठूनतरी कळलं, तर या घरात काय होईल ते मला लख्ख दिसत होतं. ते लोक शकुन मानणारे होते. त्यांच्याशी खोटं बोलून त्यांच्या सुनेच्या अंगावर ती साडी घालायचा मला काय अधिकार होता? आणि खरं सांगितलं असतं तर पिलारबाई हजारो मैल येऊन साडीचं गाठोडं घेऊन परत गेल्या असत्या, आणि या घरात पुन्हा कोणी त्यांच्या नजरेला नजर दिली नसती.

दीपाली ओले पाय पुसत बाहेर आली. मुकुंदरावांनी वाकून साडी उचलली आणि तिच्या हातात द्यायला वळले.

“मी मोडते घडी,” मी म्हणाले.

सगळे थांबले. मी पुढे काहीतरी पुटपुटले, की बाईंची तशी इच्छा आहे, त्यांच्या मुलीची उंची माझ्याएवढीच आहे. मुकुंदरावांनी बायकोकडे पाहिलं. काकूंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, तिथलं कुंकू त्यांचंच होतं, आणि मान डोलावली. “पाहुण्या सवाशिणीनं मोडली तर बरंच की. या आत.” दीपाली बाजूला झाली. तिने पुढे केलेले हात मागे घेतले आणि पदराला पुसले, खरं तर ते कोरडेच होते. त्या पोरीचं मन मी मोडलं, आणि का ते तिला कधीच कळणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आतल्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती, देव होते, आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं शिलाई मशीन. काकूंनी दार लोटलं आणि साडी उलगडली. रेशीम उलगडताना होतो तो आवाज झाला. मी मोजून नऊ वर्षांनी कोऱ्या साडीला हात लावत होते. काकूंनी खोच दिली, निऱ्या घ्यायला लागल्या. विणणारीच ती, तिच्या बोटांतून निऱ्या भराभर पडत होत्या. बोलत होत्या की पांढरं नको म्हणून पोरीला किती समजावलं, लग्नाला पांढरं कोण नेसतं, पण तिच्या देशात म्हणे नवरीला पांढरंच लागतं. शेवटी मोतियावर तडजोड झाली, काठ तेवढा डाळिंबी. “आमच्यात पांढरं कोणाला असतं ते तिला कुठं ठाऊक,” त्या म्हणाल्या.

पदर खांद्यावर टाकताना त्या म्हणाल्या, “मंगळसूत्र वर घ्या, आत अडकंल.”

त्यांनीच हात घालून गळ्यातली साखळी वर घेतली. नुसती साखळी होती.

“घरी राहिलं का?”

“नाही काकू. मालक नाहीत मला. नऊ वर्षं झाली.”

निऱ्यांवरचा त्यांचा हात थांबला. बाहेर मुकुंदराव पिलारबाईंना खुणांनी धोटा कसा चालतो ते दाखवत होते, त्याचा खटखट आवाज येत होता.

“मग कुंकू कसं लावून घेतलंत?”

“तुम्ही लावलंत. मला नको म्हणवलं नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, पण घाबरून. “तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला काही वाटत नसंल. पण हे लग्नाचं वस्त्र आहे, बाई. उद्या त्या पोरीला काही झालं तर? सहा महिने रक्त आटवलंय आम्ही यावर.”

नऊ वर्षं मी हे वाक्य कोणाच्यातरी तोंडून ऐकायची वाट बघत होते. नणंदेने ते कधी म्हटलं नाही, जावांनी म्हटलं नाही, सगळ्या फार सभ्य होत्या. काकूंनी सरळ म्हटलं. मला वाटलं होतं, ऐकलं की मी पेटून उठेन. पण मी पेटले नाही.

“तिला आता काही होणार नाही काकू,” मी म्हणाले. “ती फेब्रुवारीतच गेली. ताप आला होता.”

काकू ट्रंकेवर बसल्या. अर्ध्या निऱ्या त्यांच्या मुठीत तशाच होत्या, त्यामुळे मलाही त्यांच्याजवळ सरकावं लागलं. मग म्हणाल्या, “आम्ही रोज तिचं नाव घ्यायचो. नीट म्हणता यायचं नाही, नूरी म्हणायचो. नूरीचा मोर झाला, नूरीचा काठ झाला. फेब्रुवारीत आम्ही पदरावर होतो.” आणि मग अगदी हळू, “मी म्हटलं होतं तिला, पांढरं नको.”

“त्याने काही होत नाही हो,” मी म्हणाले.

“तुमचं बरोबर असंल,” त्या म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि पुढेही पटलं नसणार. ती बाई तो मोतिया रंग मनातून कधी काढू शकली असेल असं मला वाटत नाही.

मग त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. दाराच्या पलीकडे दीपाली होती. त्यांच्या सगळं लक्षात आलेलं मला दिसलं. त्या उठल्या, मला म्हणाल्या, “सरळ उभ्या राहा,” आणि राहिलेल्या निऱ्या घातल्या. एकेक निरी सारखी करत, आता सावकाश. गुडघ्यांवर बसून खालचा घोळ ओढून सारखा केला. पदर पुढे घेऊन मोर नीट दिसेल असा सोडला. आणि मग स्वतःच्या पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि माझ्या चेहऱ्याजवळ आणलं. मी डोळे मिटले. मला माहीत होतं आता काय पुसलं जाणार ते.

त्यांनी नाकावर सांडलेलं कुंकू तेवढं पुसलं. कपाळावरचं राहू दिलं.

“चला,” म्हणाल्या. “आई थांबलीय तिची.”

बाहेर आले तेव्हा मुकुंदरावांनी धोटा खाली ठेवला. दीपाली भिंतीशी उभी राहून बघत होती, रुसवा विसरून. पिलारबाई उठल्या नाहीत. त्यांनी मला चालायला सांगितलं, मी मागापर्यंत जाऊन परत आले. वळायला सांगितलं, वळले. मग त्या उठल्या आणि माझ्याभोवती एक फेरी घातली. हात लावला नाही. मला वाटलं रडतील, पण त्या रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “झाली. मोडली घडी.” अर्थात तेच क्रियापद, भूतकाळात.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला जो मी अजून कोणाला सांगितलेला नाही. म्हणाल्या, “तुम्हाला शोभते आहे. तुम्ही अशा साड्या का नेसत नाही?”

मी म्हणाले, “माझ्याकडे एक आहे.”

काकूंनी त्यांच्यासमोर चिवड्याची पिशवी ठेवली आणि खाली बसून त्यांचा हात हातात घेतला. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि भाषांतर करायला काही नव्हतं. पिलारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची गोष्ट बाहेर सांगितली हे त्यांना कळलं. त्यांनी हात काढून घेतला नाही. काकू त्यांच्या तोंडाकडेच बघत होत्या, नजर न चुकवता.

मुकुंदरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी साडी बदलून आले तेव्हा ते नव्याने घडी घालत होते आणि मला बजावत होते की नीट सांगा त्यांना. तीन-चार महिन्यांनी साडी काढायची, सावलीत वारा द्यायचा आणि घडी बदलायची. एकाच घडीत ठेवली की रेशीम तिथेच कुजतं, जरही तुटते. वरून अगदी कोरी दिसते, हात लावला की गेली. “आमच्याकडं येतात दुरुस्तीला. लोक जपतात, जपतात आणि वाया घालवतात. तिथं जोडता येत नाही. त्या पोरीला तेवढं आठवणीनं सांगा म्हणावं.”

मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं, गाळलं नाही. पिलारबाई म्हणाल्या, “सांगते तिला.” मी तेही मराठीत सांगितलं. मुकुंदरावांना समाधान वाटलं.

परतीच्या वाटेवर पिलारबाई साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना हॉटेलवर सोडलं. निरोप घेताना त्यांनी पर्समधून काही काढलं नाही, मिठी मारली नाही, फक्त माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या की हे पुसू नका आजच्या दिवस. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. घरात आम्ही दोघीच असायचो. मी कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून बनारसी काढली. मलमलच्या फडक्यात बांधलेली, डांबरगोळ्यांचा वास. वरून अगदी कोरी होती. जांभळा रंग जराही उतरला नव्हता. पलंगावर ठेवून मी तिची पहिली घडी उलगडली आणि आवाज आला. येवल्यात आला होता तसा नाही. बारीक, कोरडा, करकर असा.

घडीच्या ओळीवर साडी सरळ फाटलेली होती. ब्लेडने कापल्यासारखी. दुसरी घडी उलगडली, तिथेही. जितक्या घड्या तितक्या चिरा. मधलं रेशीम धडधाकट, जर चकाकतेय, आणि घडीच्या प्रत्येक जागी नुसते आडवे धागे लोंबतायत. मी तिथेच बसले. रडले असं म्हणवत नाही, पण तोंडातून काहीतरी आवाज निघत होता. श्रीपादने किती दुकानं पालथी घातली होती ते मला तो हसत हसत सांगायचा. मी त्याची एकच गोष्ट सांभाळायची ठरवली होती.

मग मी उठून ती साडी नेसले. तशीच. निऱ्या घालताना बोटांना जागा सापडेना, एक निरी धरली की दुसरीकडे फाटायची. कशीबशी खोचली, पदर घेतला आणि आरशासमोर उभी राहिले.

सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. केस विस्कटलेले, चष्मा हातात. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. साडी कोणती ते त्यांना लगेच समजलं. त्यांच्या मुलाने ती आधी त्यांनाच दाखवली होती.

“आई, फाटली हो सगळी,” मी म्हणाले.

त्या जवळ आल्या. निऱ्यांमधल्या चिरांवरून बोट फिरवलं. माझ्या कपाळावर येवल्याचं कुंकू अजून फिकट दिसत असणार, त्यावरही त्यांची नजर गेली.

“मला वाटायचं, तू नेसशील एखाद्या पाडव्याला,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी वाटायचं. मी मुद्दाम विचारायची नाही. म्हटलं, तुला लागंल.”

“मला वाटायचं, तुम्ही म्हणाल,” मी म्हणाले.

नऊ वर्षं आम्ही एका घरात राहत होतो. एका ताटलीतला चिवडा खात होतो. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग सासूबाईंनी, लहानपणापासून हाताला लागलेल्या सवयीने, माझा खांद्यावरून घसरलेला पदर उचलून नीट केला. अगदी जपून, दोन बोटांनी. तरी तो त्यांच्या बोटांखाली आणखी वीतभर फाटत गेला.